जखम खांद्यावर, कारण जुवात : वाचकांचे प्रश्न

पोळा सरून रब्बीच्या मशागतीला हात लागला आणि कारखान्यांच्या हंगामाची चाहूल लागली, की नाशिक जिल्ह्यातून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. पावसाळ्यात खुरांची आणि जंतांची विचारणा असते. आता सुजलेले खांदे, सोललेल्या पाठी आणि न भरणाऱ्या जखमा यांविषयी पत्रे येऊ लागली आहेत. या महिन्यात त्यांतील निवडक पत्रांना उत्तरे दिली आहेत. लेखकांची नावे न देता फक्त तालुके दिले आहेत. बहुतेक पत्रांत औषधाचे नाव विचारलेले आहे. ते जेथे द्यायचे तेथे दिले आहेच. परंतु जुवाची, गाडीची आणि ओझ्याची चौकशी केल्याशिवाय दिलेले औषध चार दिवसांत वाया जाते, असा माझा अनुभव असल्यामुळे उत्तरांत ती चौकशी अधिक आहे.

प्रश्न : आमचा चार दाती खोंड यंदा प्रथमच औताला धरला. सलग चार दिवस वखरणी केल्यावर त्याच्या खांद्यावर तळहाताएवढी गरम सूज आली असून हात लावताच तो मान झटकतो. शेजारचे वडीलधारे डाग द्यायला सांगतात, तर दुसरे एक गृहस्थ म्हणतात की चिरून आतले पाणी काढा. आम्ही काय करावे? (दिंडोरी तालुका)

उत्तर : यांतले काहीही करू नका आणि खोंडाला आजपासून दावणीलाच ठेवा. तुम्ही वर्णन केलेली ही खांदेसुजीची पहिली अवस्था आहे. वशिंडाच्या पुढे, जेथे जू टेकते, तेथील कातडी जू आणि मानेचा ताठर स्नायुबंध यांच्यामध्ये तासन्‌तास दाबली जाते. दाबामुळे तेथील बारीक रक्तवाहिन्या मिटतात, जू मागेपुढे सरकत राहिल्याने कातडीचे थर एकमेकांवर घासतात आणि त्वचेखाली पाणी साचते. अनुभवी बैलाची त्या जागची कातडी वर्षानुवर्षांच्या कामाने जाड झालेली असते. तुमच्या खोंडाची तशी नाही. नव्या जनावराला एकदम दिवसभराच्या वखराला जुंपणे हेच बहुतेक वेळा या सुजेचे कारण असते.

पहिले दोन दिवस थंड पाण्यात भिजवलेला जाड कपडा सुजेवर पंधरा ते वीस मिनिटे ठेवावा आणि असे दिवसातून तीन-चार वेळा करावे. या दिवसांत शेकू नये, कारण उष्णतेने तेथे आणखी रक्त उतरते व सूज वाढते. सुजेचा दाह ओसरला, म्हणजे हाताला ती बाजूच्या कातडीइतकीच उबदार लागू लागली, की मग मीठ घातलेल्या सोसवेल इतक्या गरम पाण्याने शेकावे आणि मॅग्नेशियम सल्फेट व ग्लिसरीन एकत्र करून केलेला लेप लावावा; तो साचलेले पाणी ओढून घेतो. कातडी फुटलेली नसेल आणि विश्रांती पूर्ण मिळाली, तर अशी सूज बहुधा आठ-दहा दिवसांत उतरते.

चिरण्याविषयी स्पष्ट सांगतो. आत पू झालेला नसताना चिरा दिला, तर जंतू नसलेल्या जागी आपण स्वतः जंतू नेऊन सोडतो. सूज मध्यभागी मऊ पडली, बोटाने दाबल्यावर आत द्रव हलल्यासारखे वाटू लागले आणि तेथील केस गळू लागले, म्हणजे गळू पिकले. ते फोडण्याचे काम पशुवैद्यकाचे आहे. तो खालच्या बाजूने निचरा होईल असा छेद देतो, पोकळी धुऊन आयोडीनमध्ये भिजवलेली पट्टी भरतो आणि ती रोज बदलावी लागते. डाग देण्याने सुजेच्या दुखण्यावर भाजल्याचे दुखणे चढते आणि त्या जागी जी ताठर, बिनकेसाची कातडी येते ती पुढे जुवाखाली वारंवार फाटते. वडीलधाऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण हा उपाय सोडून द्यावा.

वेदनाशामकाविषयी एक सूचना नाशिक जिल्ह्यात तरी प्रत्येक पशुपालकाने पाळावी. माणसांसाठी मिळणारे डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन जनावराला कोणाकडूनही टोचून घेऊ नका. जनावरांसाठी हे औषध २००६ पासून बंद आहे, कारण ते दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले तर गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात. आपल्या अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत आणि हरसूलजवळ खोरीपाडा येथे त्यांच्यासाठी खाद्यस्थान चालवले गेले आहे. अॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन यांवरही २०२३ मध्ये जनावरांसाठी बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना निर्धोक असलेले आणि बैलाच्या सुजेवर चांगले काम करणारे औषध आहे. मात्रा पशुवैद्यक वजनावरून ठरवतील. औषध दिल्यावर दुखणे कमी होते आणि बैल बरा दिसू लागतो, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याला जुंपण्याचा मोह होतो. त्या मोहापायीच साध्या सुजेची पुढे गाठ होते.

खोंड बरा झाल्यावर त्याची सुरुवात नव्याने करा. प्रथम जू नुसते खांद्यावर ठेवून चालवावे, मग हलका ओंडका ओढायला लावावा, आणि दिवसाला तास-दीड तासापासून वाढवत दोन-तीन आठवड्यांनी पूर्ण कामावर आणावे.

प्रश्न : आमच्याकडे डांगी बैल आहेत. डांगी म्हणजे पावसाचे जनावर, असे आम्ही ऐकत आलो. तरीही आवणीच्या (भातलावणीच्या) दिवसांत चिखलणी करताना दरवर्षी त्यांचे खांदे सोलतात. असे का व्हावे? (इगतपुरी तालुका)

उत्तर : तुम्ही ऐकलेले खरे आहे. इगतपुरी, पेठ, सुरगाणा आणि पलीकडे अकोले या पट्ट्यातील डांगी जनावराच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, त्यामुळे पावसाचे पाणी अंगावर ठरत नाही, आणि त्यांचे काळे कठीण खूर चिखलात टिकतात. परंतु हा बचाव वरून पडणाऱ्या पाण्यासाठी आहे. जुवाखाली सतत घासल्यावर तो तेलकट थर पुसला जातो आणि मग ओली कातडी मऊ पडते. त्यात जुवावर उडालेला चिखल वाळतो, पुन्हा भिजतो, आणि त्यातील वाळूचे कण प्रत्येक पावलाला कातडी खरवडतात. ओल्या लाकडाची पकड कोरड्यापेक्षा अधिक असते, हेही लक्षात घ्यावे.

उपाय साधे आहेत, पण रोज करावे लागतात. बैल सोडल्यावर आधी खांद्यावरचा चिखल पाण्याने धुवा आणि मग कोरड्या फडक्याने टिपून घ्या. घासून पुसू नका. रात्री खोबरेल किंवा करंज तेल पातळ लावले तर चालते, मात्र जुंपण्यापूर्वी लावू नये, कारण तेलावर चिखल अधिक चिकटतो. जूही धुऊन छपराखाली आडवे ठेवा. अनेक घरांत बैल गोठ्यात कोरडे असतात आणि जू मात्र बांधावर पावसात भिजत असते. चिखलणीच्या दिवसांत दुपारच्या सुट्टीत जू उतरवून खांदा वाळू द्यावा, आणि शक्य असेल तेथे दोन घरांनी जोड्या वाटून घेऊन एकाच जोडीवर सलग दिवस येणार नाहीत असे पाहावे. इरजिकीची, म्हणजे एकमेकांना जोड्या देऊन काम उरकण्याची, पद्धत तुमच्या भागाला नवी नाही.

प्रश्न : पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही खांदेमळणी करतो, हळद आणि तूप लावून बैलांचे खांदे मळतो. याचा औषध म्हणून खरोखर उपयोग होतो का, की ती केवळ रीत आहे? (कळवण तालुक्यातील भगिनी)

उत्तर : न फुटलेल्या, थकलेल्या खांद्याला कोमट पाण्याचा शेक आणि तुपाचे मर्दन यांनी निश्चित आराम पडतो, कातडी मऊ राहते, आणि हळदीत जंतूंना रोखण्याचा काही गुण आहे. मात्र उघड्या जखमेत तूप-हळद भरू नये. त्यावर धूळ बसते, माश्या येतात आणि आत काय चालले आहे ते दिसत नाही.

मला या रीतीचे मोल आणखी एका कारणासाठी वाटते. त्या दिवशी घरातील माणूस बैलाच्या खांद्यावर संपूर्ण हात फिरवतो. खांद्याची तपासणी अशीच, हातानेच, करायची असते, आणि ती वर्षातून एकदा न करता बैल सोडल्यावर रोज करावी. बैलाच्या डाव्या बाजूला उभे राहून एक हात वशिंडावर ठेवावा आणि दुसऱ्या हाताचा पंजा कानामागून वशिंडाकडे, केसांच्या दिशेने, हलका दाब देत आणावा. मग बोटांच्या पाठीमागच्या बाजूने तोच मार्ग पुन्हा चाचपावा, कारण बोटांच्या पाठीला उष्णता लवकर कळते. एखाद्या जागी कातडी थरथरली, बैलाने कान मागे टाकले किंवा मान खाली सोडली, तर तेथे दुखते. घामाने सगळा खांदा भिजलेला असताना एखादा तुकडा कोरडा राहिला असेल, तर त्या जागी दाब इतका पडला आहे की घामाच्या ग्रंथीही थांबल्या. उद्याची सूज तेथेच येणार. केस एका दिशेला मोडलेले किंवा तुटलेले असतील, तर तेथे जू घासते आहे. या खुणा सूज येण्याच्या एक-दोन दिवस आधी दिसतात आणि त्या वेळी जू बदलले तर औषधाची वेळच येत नाही. घरातील गोठ्याचे काम तुम्ही पाहत असाल, तर ही तपासणी तुमच्याच हाताखाली होऊ शकते.

प्रश्न : आमच्या उसाच्या तोडणीला दरवर्षी टोळ्या येतात. त्यांच्या टायरगाड्यांचे बैल पाहवत नाहीत. खांद्यावर ओल्या जखमा, आणि त्यावर गोणपाट टाकून पुन्हा जुंपलेले. गाडीवानांना बोललो तर ते म्हणतात, खेप चुकली तर पोट चुकते. शेतकरी म्हणून आम्ही काय करू शकतो? कायदा काय सांगतो? (निफाड तालुका)

उत्तर : गाडीवानाचे म्हणणे खोटे नाही. त्याचा बैल जखमी पडला तर त्याचा हंगाम बुडतो. त्याला बैलाची काळजी नाही असे मानून बोलायला गेलो तर तो ऐकणार नाही. म्हणून खेप न चुकवता खांद्यावरचा भार कसा कमी होईल, तेथून सुरुवात करावी.

दोन चाकांच्या गाडीत मालाचे वजन चाके उचलतात, पण तोल आखाच्या पुढे गेला की उरलेला भार थेट जुवावर येतो. समजा गाडीत एक हजार किलो ऊस आहे, त्याचा मध्य आखापासून तीस सेंटीमीटर पुढे सरकला आहे, आणि आखापासून जू तीन मीटरवर आहे. तर जुवावर जवळजवळ शंभर किलोंचा भार पडतो, म्हणजे प्रत्येक बैलाच्या मानेवर पन्नास किलो. हा भार ओढण्याच्या कष्टाव्यतिरिक्त आहे आणि बैल नुसता उभा असला तरी तो मानेवर असतोच. मोळ्या रचताना त्या फूटभर मागे घेतल्या, तर हा भार एका पैशाच्या खर्चाशिवाय उतरतो. उलट फार मागे घेतल्या तर गाडी उलाळ होते, म्हणजे मागे झुकते, आणि गळ्याच्या जुपण्या (जुवाचे पट्टे) बैलाचा गळा आवळतात. बैल जुंपण्यापूर्वी सपाट जागी एका माणसाने जू हाताने उचलून पाहावे. ते थोडक्या बळाने उचलले गेले आणि सोडल्यावर आपोआप वर गेले नाही, म्हणजे तोल बरोबर आहे. उचलायला दोन माणसे लागत असतील तर मोळ्या पुन्हा रचाव्यात.

जुवाचा आकार हा दुसरा मुद्दा. एका बैलाच्या मानेवर तीस किलोंचा भार आहे असे धरू. जू अरुंद आणि कडा धारदार असेल, आणि ते तीन सेंटीमीटर रुंद व बारा सेंटीमीटर लांब एवढ्याच जागेवर टेकत असेल, तर प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर आठशे ग्रॅमहून अधिक दाब येतो. तेच जू खालून गोलसर तासून दहा बाय पंधरा सेंटीमीटर जागेवर टेकेल असे केले, तर दाब दोनशे ग्रॅमवर येतो. सुताराचे अर्ध्या दिवसाचे हे काम आहे. खिळ्यांची टोके, तारेचे वेढे, दोरीच्या गाठी आणि शिवळांच्या (जुवातील उभ्या खुंट्यांच्या) खडबडीत कडा यांकडेही तेव्हाच पाहून घ्यावे.

जखमेवर गोणपाट टाकून जुंपणे हा मात्र उपाय नव्हे. गोणपाट सरकते, त्याच्या चुण्या पडतात, रक्त-पू शोषून ते कडक होते आणि जखमेवरचा दाब वाढवते. गादी लावायची तर ती निरोगी खांद्याला, जुवाला घट्ट बांधलेली, सपाट, आणि रोज धुऊन वाळवता येईल अशी असावी. उघडी जखम असलेल्या बैलाला सुट्टी हाच इलाज आहे. टोळीत चार-पाच गाड्यांमागे एखादी राखीव जोडी ठेवण्याची व्यवस्था मुकादमाने आणि कारखान्याने मिळून केली, तर कोणाचीही खेप चुकणार नाही. तुम्ही कारखान्याचे सभासद असाल तर हा विषय सभेत मांडा. एकट्या गाडीवानावर त्याचा बोजा टाकणे मला न्याय्य वाटत नाही.

उतारावर गाडी पुढे लोटते आणि सगळा लोंढा मानेवर येतो. गाडीला चालणारा ब्रेक नसेल, तर उतार हा खांद्यांना चढापेक्षा वाईट. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथील राजारामबापू तंत्रज्ञान संस्थेच्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये उसाच्या बैलगाडीच्या जुवाखाली एक आधाराचे चाक बसवून दाखवले होते; मानेवरचा उभा भार त्या चाकाने घ्यावा, ही त्यामागची कल्पना. अशी रचना स्थानिक फॅब्रिकेशनच्या कारागिराला करता येण्याजोगी आहे, आणि कारखान्यांनी ती आपल्या रस्त्यांवर घालून पाहावी, असे मला मनापासून वाटते.

आता कायदा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम जखमी किंवा आजारी जनावराला कामाला लावणे हा गुन्हा मानतो. त्याखालील १९६५ च्या नियमांनुसार बेअरिंग बसवलेल्या दोन चाकी गाडीला ३५० किलोंहून अधिक वजनाच्या मोठ्या बैलामागे १,८०० किलो, मध्यम बैलामागे १,४०० किलो आणि २०० किलोंपर्यंतच्या लहान बैलामागे १,००० किलो ही मर्यादा आहे. जोडी असेल तर ती दुप्पट होते, आणि एक किलोमीटर वा त्याहून लांब असा तीव्र चढ वाटेत असेल तर निम्मी. दिवसाला एकूण नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही, तसेच तापमान ३७ अंशांच्या वर जाते अशा भागात दुपारी बारा ते तीन या वेळेत जनावर जुंपता येत नाही. अणकुचीदार पराणी आणि इजा करणारे टोकदार जू किंवा साज यांवर याच नियमांत बंदी आहे. १९६० च्या कायद्यातील पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये इतका जुना राहिला आहे, त्यामुळे केवळ दंडाच्या धाकाने काही बदलणार नाही. या मर्यादा गाडीवानाला आणि मुकादमाला करारापूर्वीच सांगितल्या, तर त्यांचा उपयोग होतो.

प्रश्न : आमच्या जोडीत नेहमी डाव्या अंगाच्या बैलाचाच खांदा लागतो. दोन्ही बैलांना खुराक सारखाच आहे. (सिन्नर तालुका)

उत्तर : दोन्ही बैल सपाट जागी शेजारी उभे करून त्यांच्या खांद्यांची उंची मोजा. उंचीत फरक असेल, तर जू तिरके राहते, बुटक्या बैलाकडे भार उतरतो आणि उंच बैलाची मान जुवाच्या कडेने घासते. चालीत फरक असेल, तर पुढे राहणारा बैल अधिक ओढतो. नांगरटीत एक बैल सतत तासात (नांगराने पाडलेल्या सरीत) चालतो, म्हणून तो खाली असतो. हेही एक कारण असू शकते. जोड जुळवता आली तर उत्तम. नाहीतर जुवाची त्या बाजूची बैठक सुताराकडून दुरुस्त करून घ्यावी. अंगे वरचेवर बदलू नयेत, कारण प्रत्येक अंगाच्या सवयीने कातडी जेथे जाड झालेली असते ती जागा बदलते आणि दोन्ही बैल लागतात.

प्रश्न : आमच्याकडे लग्नसराईसाठी दोन घोडे आहेत. एकाच्या आयाळ संपते त्या उंचवट्यावर पांढऱ्या केसांचे ठिपके आले होते. आता तेथे सूज येऊन पाणी वाहते. खोगिराखाली आम्ही दुहेरी गादी घालतो, तरीही असे झाले. (येवला तालुका)

उत्तर : ते पांढरे ठिपके म्हणजे पूर्वसूचना होती. सततच्या दाबाने केसांच्या मुळांतील रंग तयार करणाऱ्या पेशी मेल्या की त्या जागी पांढरे केस येतात. तुमच्या तालुक्याचे गाव घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. तेथे घोडा पाहताना पाठीवरचे असे ठिपके पाहण्याची सवय खरेदीदारांनीही लावून घ्यावी.

दुहेरी गादीने दाब कमी झाला नाही, वाढला असावा. खोगिराची पुढची कमान मुळात अरुंद असेल, तर आत आणखी जाडी भरल्याने ती अधिक आवळते. खोगीर घालून तंग (पोटाखालचा पट्टा) कसल्यावर आणि स्वार वर बसल्यावरही, उंचवटा आणि खोगीर यांमध्ये दोन-तीन बोटे सहज जावीत, आणि मागून पाहिले असता कण्याच्या रेषेवर समोरपर्यंत उजेड दिसावा. भार कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर यायला हवा; कण्यावर नव्हे. मिरवणुकीच्या साजात झालरीखाली सगळे झाकले जाते, म्हणून साज उतरवल्यावर तपासणी आवश्यक. तंग आवळताना कोपरामागची कातडी चुणीत सापडते, तीही बोटांनी सरळ करावी, आणि तंगाची आतली बाजू घामाने कडक झाली असेल तर धुवावी.

तुमच्या घोड्याच्या उंचवट्यातून पाणी वाहते आहे, हे मात्र घरी हाताळण्याचे दुखणे नाही. ही जखम आतल्या स्नायुबंधापर्यंत जाऊन नासूर होऊ शकते, आणि अशा नासुरात कधीकधी ब्रुसेला हे जंतू आढळतात, जे माणसालाही बाधतात. म्हणून हातमोजे घातल्याशिवाय स्राव हाताळू नका, आजच पशुवैद्यकाला दाखवा आणि ही लग्नसराई या घोड्याला सोडून द्या. धनुर्वाताची लस दिली आहे का हेही त्यांना सांगा. घोडा आणि गाढव धनुर्वाताला फार लवकर बळी पडतात.

प्रश्न : आमच्या वस्तीजवळील वीटभट्टीवर गाढवांच्या पाठीवर उघड्या जखमा आहेत आणि त्यांत किडे पडलेले दिसतात. मालक गरीब आहेत. मदत करायची तर कशी? (नाशिक तालुका)

उत्तर : प्रथम दूरध्वनी क्रमांक १९६२ वर कळवा, या क्रमांकावरून शासनाचे फिरते पशुवैद्यकीय पथक येते. किडे पडलेली जखम कीटकनाशकाच्या फवाऱ्याने किंवा फिनाइलने धुऊ नका. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला बोळा थोडा वेळ ठेवल्यावर किडे वर येतात आणि चिमट्याने काढता येतात, पण टर्पेंटाइन जखमेला झोंबते, म्हणून ते पशुवैद्यकाच्या देखरेखीत करावे. त्यानंतरची रोजची धुलाई मालक स्वतः करू शकतात: उकळून कोमट केलेल्या एक लिटर पाण्यात दीड चहाचा चमचा मीठ घालून त्याने जखम धुवावी, मग पोव्हिडोन आयोडीन पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावावे, आणि जखमेच्या भोवती, आत नव्हे, कडुनिंबाचे तेल लावून माश्या दूर ठेवाव्यात.

गाढवावरील ओझ्याची मर्यादा १९६५ च्या नियमांत ५० किलो आहे. एक भाजलेली वीट साधारण तीन किलोंची धरली, तर सोळा विटांतच ती गाठली जाते. मालकांना हे आकड्यात सांगावे. विटांचा भार कण्यावर पडू नये म्हणून गवत किंवा काथ्या भरलेल्या दोन लांबट गाद्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, मध्ये पन्हळ राहील अशा, शिवून द्याव्यात. तुमच्या वस्तीतील तरुणांना मदत करायची असेल तर पैशांपेक्षा अशा गाद्या शिवून देणे अधिक उपयोगी पडेल. भट्टीवर रिकाम्या परतीच्या फेरीत ओझे बांधण्याचा साज सैल करण्याची सवय लागली, तरी पाठीला दिवसभरात बराच विसावा मिळतो.

प्रश्न : बैलाच्या खांद्यावर दोन वर्षांपासून कडक गाठ आहे. दुखत नाही, पण कामात ती फुटते, सुट्टीत भरते आणि पुन्हा फुटते. एवढ्या वर्षांनी उपाय आहे का? आणि जखम भरल्यावर कामाला कधी लावावे? (चांदवड तालुका)

उत्तर : उपाय आहे. वारंवार सुजून बरी झालेल्या जागी तंतूंची गाठ तयार होते. तिच्यात रक्तपुरवठा अपुरा असतो, म्हणून ती औषधाने विरघळत नाही. गाठ लहान आणि ताजी असेल तर आयोडीनचे मलम चोळून काही वेळा उतरते. दोन वर्षांची गाठ शस्त्रक्रियेने काढावी लागेल. जागा बधिर करून ही शस्त्रक्रिया होते आणि तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात तिची विचारणा करावी. कामाचा हंगाम संपल्यावर, पण फार उन्हाळा आणि माश्या वाढण्यापूर्वी ती करून घेणे सोयीचे. गाठीसोबत अंगावर इतरत्रही गाठी व ताप असेल, तर लम्पीची शंका घ्यावी; आणि वशिंडावरची खाजरी जखम विश्रांतीनेही भरत नसेल, तर माश्यांमार्फत पसरणाऱ्या त्वचेतील कृमीची तपासणी करून घ्यावी, कारण त्या दुखण्याचा जुवाशी संबंध नसतो आणि औषधही वेगळे लागते.

कामाला कधी लावायचे, हे दिवस मोजून ठरवू नये. खपली गळून पडलेली असावी, खालची कातडी सलग आणि हलवली असता खालच्या मांसावर सरकणारी असावी, तिच्यावर केस फुटू लागलेले असावेत आणि दाबल्यावर बैलाने मान हलवू नये. शस्त्रक्रिया झालेल्या बैलाला या स्थितीला यायला महिना-दीड महिना लागतो. त्यानंतरही पहिला आठवडा फक्त सकाळचे हलके काम द्यावे, आणि त्याआधी सुताराला बोलावून जुवाची ती बाजू तुमच्यासमोर तासून घ्यावी. ज्या जुवाने गाठ आणली, त्याच जुवाखाली बैल परत नेऊ नये.